नाकाची नोकरी

माझ्या थोरल्या जावेला कारखान्यात सगळे 'नाकबाई' म्हणायचे. तोंडावर 'ताई', मागून नाकबाई. हे तिला पक्कं ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. तिचं नाक दिसायला अगदीच साधं, बसकं, बटाट्यासारखं. पण आमच्या पाच जणांचं बिऱ्हाड त्याच नाकाच्या आधारावर चाललं होतं. आम्ही तिच्याकडे राहायला आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी नवऱ्याने मला बजावलं होतं, "हे बघ, माझ्याशी हवी तेवढी भांड, वहिनीच्या नाकाला मात्र सर्दी होऊ देऊ नकोस."

आमच्या कारखान्यात शेतातून निघालेलं प्लास्टिक येतं. पिकाखाली अंथरलेला काळा कागद, ठिबकच्या नळ्या, खताच्या गोण्या आणि औषधाचे डबे. बाकीच्या मालाला माती लागलेली असते, ती झटकली की झालं. डब्यांचं तसं नाही. पिकावर मारायचं औषध हे विषच, आपण त्याला औषध म्हणतो एवढंच. शेतकऱ्याने रिकामा डबा तीनदा विसळायचा, झाकण काढून टाकायचं आणि डब्यांच्या कानांतून दोरी ओवून माळ करून आणायची, अशी पद्धत. माळ म्हणजे विसळलेला माल, सुटे डबे म्हणजे न विसळलेला. पण विसळायचा कंटाळा कुणाला नसतो? कित्येक जण माळेच्या दोन टोकांचे डबे लख्ख धुवायचे आणि मधले तसेच ओवायचे.

म्हणून नाकबाई. शेडच्या दारापाशी एक टेबल आणि त्यामागे तिचं स्टूल. एकेक डबा उचलायचा, त्याचं तोंड नाकाखाली धरायचं. वास आला तर डावीकडे, धुण्याच्या हौदात. नाही आला तर उजवीकडच्या पत्र्याच्या घसरणीवरून खाली, थेट क्रशरकडे. तिथे त्याचे तुकडे व्हायचे, मग ते वितळवून त्यांचा दाणा पाडायचे. सगळेच डबे धुवून का घेत नाही, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. तर म्हणे धुतलेलं पाणी बाहेर सोडायला बंदी आहे. ते बंद खड्ड्यात साठवायचं आणि खड्डा भरला की टँकर बोलवायचा. मालकांच्या एकेक बादली जिवावर यायची. त्यापेक्षा एका बाईचं नाक परवडत होतं.

हौदावर मी असायचे. क्रशरवर माझा नवरा, म्हणजे तिचा धाकटा दीर. थोरले दीर छातीत कळ येऊन गेले, त्याच महिन्यात मालकांनी तिला ते स्टूल दिलं आणि स्टुलाबरोबर गोदामावरच्या दोन खोल्या. स्टूल जिचं, खोल्या तिच्या, असा त्यांचा शब्द होता. खोल्या काही राजवाडा नव्हत्या. उन्हाळ्यात पत्रा तापला की भिंतीला हात लावायची सोय नसायची. पण नळ आत होता, दाराला आतून कडी होती आणि माझ्या दोन्ही मुलींची शाळा मागच्या भिंतीला लागून होती. घंटा झाल्यावर चपला घातल्या तरी वेळेत पोचायच्या. आम्ही दोघांनी आधी ज्या घरांत दिवस काढले होते ती आठवली की मला त्या तापलेल्या पत्र्याचंही कौतुक वाटायचं.

तिचं नाक म्हणजे काय चीज होती, ते सांगायलाच हवं. बंद पोतं आल्याबरोबर ती सांगायची की हे गुलाबाच्या शेतातलं की तंबाखूच्या. शेडमागे कोण विडी ओढून आला हे तिला बसल्या जागी कळायचं. माझ्या नवऱ्याने विडी सोडली ती माझ्या रडण्याने नाही, तिच्या "भाऊजी, किती झाल्या आज?" या एका प्रश्नाने. एकदा एका शेतकऱ्याने शपथा घेऊन माळ पुढे केली, तर तिने दोन्ही टोकं सोडून मधलाच डबा ओढला, हुंगला आणि त्याच्या नाकाखाली धरला. तो बिचारा चार पावलं मागे सरकला. सगळी शेड हसली होती. हसताना एक गोष्ट आमच्या कुणाच्याच डोक्यात आली नाही. वीस वर्षं रोज दोनशे डबे हुंगायचे, म्हणजे त्यातलं काहीतरी रोज आत जात असणार. तिने स्वतः कधी तक्रार केली नाही. सकाळी डोकं जड असायचं, डोळ्यांतून पाणी यायचं. चहा प्यायली की म्हणायची, "चला, नाक वाट बघतंय."

आणि मग गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात एका सुट्टीच्या दिवशी मी कपडे वाळत घालून आत आले तर खोलीभर धूर. शेगडीवर दूध उतू जाऊन पातेलं करपून काळं ठिक्कर पडलं होतं आणि शेगडीपासून हातभर अंतरावर, पाठ करून, जाऊबाई शांतपणे शेंगा सोलत बसल्या होत्या.

"ताई! दूध!" मी ओरडले.

तिने वळून पाहिलं. आधी पातेल्याकडे, मग माझ्याकडे. तिचा चेहरा पाहून मला सगळं कळलं. चोरी पकडली गेल्यावर माणूस जसा बघतो, तशी ती बघत होती.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"नाकाचं दिवाळं निघून चार महिने झाले," ती म्हणाली. "आधी वाटलं सर्दी आहे. मग वाटलं जाईल. गेलं ते नाकच."

"अहो, पण मग टेबलावर तुम्ही करता काय?"

"बघते. बुडाशी पांढरा ओघळ असला तर डावीकडे. हलवून बघते. कुणाचा माल आहे त्यावरून ठरवते. माणसं ओळखते गं मी." तिने शेंगांचं सूप बाजूला सारलं. "मालकांना कळलं तर स्टूल जाईल. स्टूल गेलं तर या खोल्या. पोरींची वार्षिक परीक्षा व्हायची आहे. मला फक्त वर्षभर काढू दे."

आता कुणीही म्हणेल की मी तेव्हाच मालकांकडे जायला हवं होतं. म्हणणाऱ्याने आधी दोन पोरी घेऊन तीनदा घर बदलावं. मी पातेलं घासायला घेतलं. राखेने घासता घासता माझ्या डोक्यात तोडगा आला आणि मला तेव्हा तो फार हुशारीचा वाटला. घसरण माझ्या हौदाला लागूनच जाते. तिने सोडलेला डबा खाली जाता जाता मी उचलायचा, हुंगायचा, वास आला तर गुपचूप हौदात टाकायचा. तिने वर नाटक करायचं, खरं काम मी खाली करायचं. तिला मी हे सांगितलं तेव्हा तिने पदर डोळ्यांना लावला. ती रडायची बाई नव्हती.

सात महिने आमचं ते बिनबोभाट चाललं. ती वर डबा नाकाला लावून डोळे मिटायची, देवाच्या मूर्तीसमोर बसल्यासारखी, आणि मला खाली हसू आवरायचं नाही. पहिले काही आठवडे मला खूपच डबे वासाचे सापडायचे. पुढे पुढे ते कमी होत गेले. मी तिला म्हटलंसुद्धा, "ताई, शेतकरी सुधारले हो. आता नीट विसळून आणतात." ती म्हणाली, "कधी ना कधी अक्कल यायचीच." आम्हाला दोघींनाही ते पटलं. वास का कमी झाला, याचं दुसरं काही कारण असेल हे आमच्या मनालाही शिवलं नाही. दुसऱ्याचं गेलेलं नाक कळतं, आपलं कळत नाही. आपल्याला वाटतं, हवा स्वच्छ आहे.

पावसाने ओढ दिली होती, तो दिवस कडक उन्हाचा होता. दुपारच्या आधी एक ट्रक आला. डब्यांच्या नीट ओवलेल्या माळा, झाकणं काढलेली, डबे बाहेरून पुसलेले. इतका देखणा माल आमच्याकडे क्वचितच यायचा. ताईने एकेक डबा नाकाला लावला आणि सोडला. मी एकेक उचलला, हुंगला आणि सोडला. हुंगल्याशिवाय एकही सोडला नाही, हे मी कुठेही शपथेवर सांगेन. एकालाही वास नव्हता.

क्रशर मध्येच अडला. नवरा तोंड आत घालून लाकडी दांड्याने अडकलेले तुकडे काढत होता. तापलेल्या पात्यांवरून वाफ त्याच्या तोंडावर येत होती. पाऊण तासाने तो माझ्या हौदापाशी आला. अंगातला सदरा पिळून काढावा इतका भिजला होता.

"लाइट गेली का?" त्याने विचारलं.

बाहेर लख्ख ऊन होतं. मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं, तर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. त्याच्या तोंडातून लाळ गळत होती आणि त्याला त्याचं भान नव्हतं. दंडाचे स्नायू कातडीखाली आपोआप उडत होते. मग त्याचे गुडघे वाकले. ट्रकवाल्यानेच त्याला ट्रकमध्ये घातलं. तेवढी माणुसकी त्याच्यात होती.

तो एकोणीस दिवस इस्पितळात होता. पहिल्या रात्री जगतो की नाही अशीच गत होती, नंतर श्वास सुधारला. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलो होतो. समोरच्या संडासाची मोरी तुंबली होती. येणारा जाणारा प्रत्येक जण नाकाला रुमाल लावत होता. एक नर्स आम्हाला म्हणाली, "अहो, तिकडे जाऊन बसा ना, इथे कसं बसवतं तुम्हाला?"

मी खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला. काही नाही. नुसती हवा.

ताई माझ्याकडे बघत होती. "काल तू सगळे हुंगले होतेस ना?" तिने हळूच विचारलं.

"सगळे."

"आणि?"

"नव्हता वास."

मी माझ्या नवऱ्याला माझ्या हाताने विष पाठवलं होतं, डबा डबा करून. सात महिने मला जो शहाणपणा वाटत होता, तो हा होता. मला वाटलं तिने एक सणसणीत ठेवून द्यावी मला. तिने माझा हात धरला आणि मला तेच जास्त लागलं.

मालक चौथ्या दिवशी आले. ताई उठून उभी राहिली आणि त्यांनी काही विचारायच्या आत म्हणाली, "माझं नाक गेलंय. वर्ष होत आलं. मी लपवलं." माझं नाव तिने काढलं नाही. मीही काढलं नाही. मालक लालबुंद झाले, बरंच बोलले, बोलण्यासारखं होतंच. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, "घरातलं दुसरं कुणी त्या स्टुलावर बसणार असेल तर खोल्या राहतील. नाहीतर महिनाअखेर मोकळ्या करा. तुमचं नाक कसं आहे?"

मी म्हटलं, "चांगलं आहे."

हो, म्हटलं. हे मी लपवणार नाही. नवरा आत पडलेला. डॉक्टरांनी सांगितलेलं की जीव वाचला, पण हातांतली थरथर आणि पायांतली अशक्तता किती जाईल ते सांगता येत नाही. धाकटी तापाने फणफणलेली. अशा वेळी डोक्यावरचं छप्पर राखायला मी काहीही बोलले असते. बोललेही.

नवऱ्याला घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी मालकांनी मला टेबलापाशी बोलावलं. शेडमधले सगळे जमले होते. ताई दाराशी उभी होती. मालकांनी दोन डबे पुढे ठेवले. "एक धुतलाय, एक नाही. सांगा."

मी पहिला उचलला, नाकाला लावला, डोळे मिटले. दुसरा उचलला. दोन्हींत काही नाही. पण दुसऱ्याच्या तोंडाच्या आतल्या कडेला केसाएवढा पांढरा ओघळ वाळलेला मला दिसला. "हा," मी म्हटलं.

"बरोबर," मालक म्हणाले. "उद्यापासून बसा."

मला हायसं वाटलं. मनात म्हटलं, बघेन नीट, डोळ्यांनी बघेन, हलवून बघेन, माणसं ओळखेन. अगदी तिचेच शब्द. आणि तेवढ्यात दारातून तिचा आवाज आला.

"मालक, तिचे डोळे बांधा आणि मग विचारा."

"ताई!" मी म्हटलं.

"बांधा डोळे."

मालकांनी खिशातून रुमाल काढला. नाही कशी म्हणणार? मी उभी राहिले. कोणीतरी रुमालाची गाठ मारली. नाकाशी काहीतरी आलं, प्लास्टिकची गार कडा ओठाला लागली. मी श्वास घेतला.

"स्वच्छ आहे," मी म्हटलं.

रुमाल सोडला. मालक हात लांब करून, तोंड फिरवून डबा धरून उभे होते. डब्याच्या तळाला बोटभर औषध तसंच होतं. पलीकडचा हमाल खोकत होता. माझ्याकडे कुणी बघेना.

मी सगळ्यांदेखत तिच्या अंगावर धावून गेले. जन्मात पहिल्यांदा मी तिला एकेरीत बोलले. "माझ्या नवऱ्याचे हात गेले, ते पुरे नाही झालं तुला? आता पोरींना रस्त्यावर काढतेस? तू वर्षभर बसलीस ना त्या स्टुलावर खोटी? मग मी बसले तर तुझ्या पोटात का दुखतं?"

तिने मला बोलू दिलं. माझा श्वास संपल्यावर म्हणाली, "मी बसले म्हणूनच सांगतेय. यंत्रापुढे उद्या कुणाचा तरी नवरा उभा राहणार आहे."

महिनाअखेरीला आम्ही खोल्या सोडल्या. मधले वीस दिवस मी तिच्याशी बोलले नाही. एकाच चुलीवर रांधलं, एकाच ताटलीत पोरींना भरवलं, पण बोलले नाही. तिनेही समजूत काढली नाही. नवऱ्याचे हात चहाचा कप धरू शकत नव्हते, तर तीच त्याला बशीने पाजायची आणि तो म्हणायचा, "वहिनी, तुमचं बरोबर होतं." मला ते ऐकून आणखीच संताप यायचा. ज्याने खरं तर सगळ्यांत जास्त रागवायचं, तोच शांत. मग मी माझा राग कुठे ठेवू?

निघायच्या दिवशी सकाळी नवीन जोडपं आलं. तिला स्टूल, त्याला क्रशर. मालकांनी एका दगडात दोन्ही जागा भरल्या होत्या. वयाने पंचवीसच्या आतबाहेर असतील. ती हसरी होती, नाक चाफेकळी. खोल्या बघून तिचा चेहरा खुलला. "आत नळ आहे!" ती नवऱ्याला सांगत होती. आमची हातगाडी खाली भरून झाली होती. गाद्यांवर माझा नवरा, कारण त्याला चालवत नव्हतं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पोरी.

ताई पुन्हा जिना चढून वर गेली. मी कंटाळून मागोमाग गेले, तिला ओढून आणायला.

"ऐक बाई," ती त्या पोरीला सांगत होती, "नाकावर विसंबू नकोस. वास येवो न येवो, जमतील तेवढे डबे धुवायला लाव, मालक ओरडले तरी. आणि रोज सकाळी नवऱ्याकडून तुझं नाक तपासून घे. डोळे मिटून. काहीही धरू दे, कांदा, साबण, काहीही. हे नाक जातं आणि जाताना सांगत नाही."

"बरं काकू," ती पोरगी म्हणाली. म्हाताऱ्या माणसांना म्हणतात तसं, मान हलवून, लक्ष खिडकीच्या पडद्याकडे. मग ताई जिन्याकडे वळल्यावर ती माझ्या जवळ सरकली आणि आवाज खाली करून विचारलं, "जागा गेली म्हणून बोलतायत का हो त्या?"

मी नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. वीस दिवस माझ्या मनात नेमकं तेच होतं, की या बाईने जळून माझं घर मोडलं. खिडकीतून खालची गाडी दिसत होती. माझा नवरा दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला होता, पोरींना थरथर दिसू नये म्हणून. आणि अंगणात या पोरीचा नवरा शीळ वाजवत क्रशरकडे निघाला होता, बाह्या वर दुमडत.

"नाही," मी म्हटलं. "मी तिची जाऊ आहे. गाडीवर बसलाय तो माझा नवरा. वास नाही म्हणून डबे मी सोडले होते. ती म्हणतेय ते कर."

पोरीचं हसू गेलं. तिने खिडकीतून खाली पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिली.

जिन्यात ताई थांबली होती. तिने ऐकलं होतं. खाली आल्यावर तिने गाडीचा एक दांडा धरला, मी दुसरा, आणि आम्ही ओढायला लागलो.